सोललेला शुक्रवार

सासऱ्यांच्या दुखवट्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेचारच्या सुमारास, मी एक शब्द चुकीच्या जागी बोललो. शब्दात तसं वावगं काही नव्हतं. अम्मानमध्ये रोज लाखभर तोंडांतून तो निघत असेल. कुणाकडे कॉफी प्यायली की कप ठेवताना म्हणायचं, ‘दायमे’, म्हणजे तुमच्याकडे हे असंच कायम चालू राहो. आणि यजमानानं म्हणायचं, ‘सहतेन’, म्हणजे तुला दुपटीनं मानवो. फक्त मयताच्या घरी हा शब्द गिळायचा असतो. तिथं हे असंच कायम चालू राहो म्हणण्याचा अर्थ काय होतो, ते शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. तिथं कप परत द्यायचा, ‘अल्ला त्यांच्यावर दया करो’ म्हणायचं आणि खाली बघायचं. तीन दिवस मी हे बिनचूक करत होतो. भाड्याच्या हॉलमध्ये घरच्या पुरुषांच्या रांगेत, मोठा मेव्हणा बुऱ्हान याच्या डाव्या हाताला जावयाची खुर्ची होती. कुणी आलं की उठायचं, हात मिळवायचा, बसायचं, पुन्हा उठायचं. कॉफीवाला फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. त्यानं घोटभर कडू कॉफी ओतली. मी प्यालो, आणखी नको या अर्थी कप हलवून परत दिला, बुऱ्हानकडे मान वळवली, घसा साफ केला आणि अगदी स्पष्ट उच्चारांत म्हणालो, ‘दायमे.’ आणि बुऱ्हान म्हणाला, ‘सहतेन.’

हे दुसरं वाक्य पुढं कुणीच सांगितलं नाही. नातेवाइकांत जी हकीकत पसरली ती माझ्या शब्दापाशी संपते. चूक खरं तर दोघांची होती, पण चुकीला वेळेवर उत्तर देणं ही चूक मानली जात नाही, तो संस्कार मानला जातो. कॉफीवाल्यानं, जो वर्षाला तीनशे दुखवटे करत असेल, आपल्या बुटांकडे बघितलं. बुऱ्हानच्या मानेवर आधी एक लाल ठिपका आला, मग तो शर्टाच्या कॉलरखाली उतरला. लिफ्ट दुरुस्त करायची त्याची कंपनी आहे. मधेच अडकलेल्या माणसांशी शांतपणे कसं बोलावं हे तो इतरांना शिकवतो. माझ्याशी तो तेव्हापासून बोलला नाही.

माझ्या बाबतीत ही गोष्ट जरा जास्तच लाजिरवाणी, कारण मी वर्तमानपत्रात निधनवार्तांचं पान तपासतो. सव्वीस वर्षं. कोणत्या मयताला कोणता शब्द लावायचा, कुणाच्या नावाआधी हाजी येतं, कुणाची सून वगळली की घरात भांडण होतं, हे मला झोपेतही सांगता येईल. एकदा एका ठेकेदाराच्या निधनाबद्दल ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ असं छापायला निघालं होतं, ते मी पकडलं. घरच्यांनी मुद्दामच तसं लिहून दिलं असावं, असा मला अजूनही संशय आहे. अशा माणसाच्या तोंडून शब्द निसटतो तेव्हा लोक त्याला निसटला म्हणत नाहीत. लोक म्हणतात, याच्या पोटात काय होतं बघा. आणि नऊ दिवस मी तेच बघत होतो. माझ्या पोटात काय होतं? सासऱ्यांबद्दल माझी तक्रार नव्हती. भूमापन खात्यात त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या आणि निवृत्तीनंतर दर शुक्रवारी सकाळी सगळ्या घरासाठी स्वतःच्या हातानं चणे वाटून हम्मस केलं. मला ते मास्तर म्हणायचे. मी कुठंही कधीही शिकवलेलं नाही. एकवीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला सर्वांत खासगी प्रश्न होता, ‘मास्तर, चप्पल कितीची लागते?’ तोही त्यांना त्यांच्या चपला देऊन टाकायच्या होत्या म्हणून.

मग ‘हे असंच कायम चालू राहो’ कुठून आलं? उत्तर मला तिसऱ्या रात्रीच सापडलं होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मला त्या हॉलमध्ये बरं वाटत होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन मेलेल्या ट्यूबलाइटींखाली, तीन दिवस मला कुणी काही विचारत नव्हतं. काय चाललंय, पगार वाढला का, अजून तेच पान का, काही नाही. उठायचं आणि बसायचं एवढंच काम, आणि ते मला येत होतं. अनोळखी माणसं माझ्या गालाला गाल लावून माझ्यासाठी धीर मागत होती. बुऱ्हानचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि तो काढून घेत नव्हता. एकवीस वर्षं मी या घराच्या दाराशी चपला काढून आत येतोय, पण आत आलोय असं मला वाटलं ते या तीन दिवसांत. तेव्हा शब्द चुकला नव्हता. फक्त मोठ्यानं बोलला गेला होता.

नुहानं, माझ्या बायकोनं, यावर एक अक्षर काढलं नाही. ती बोलत नव्हती असं नाही. सिलिंडर संपत आलाय, मैसला दंतवैद्याकडे न्यायचंय, किल्ली कुंडीखाली ठेव. नऊ दिवसांतलं सगळं बोलणं एका कागदावर लिहिलं असतं तर घरमालकानं भाडेकरूला लिहिलेलं पत्र वाटलं असतं. तिला कळलंय की नाही, हेच मला कळत नव्हतं. बायकांचा दुखवटा घरी होता, पुरुषांचा हॉलमध्ये. मधे दोन चढ आणि एक बाजार. पण आमच्या सासुरवाडीत बातमी चालत जात नाही. आणि कळलं असेल आणि ती गप्प असेल, तर ते गप्प राहणं किती दिवसांचं आहे हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. नुहा एकदा माझ्या बहिणीशी चार वर्षं बोलली नव्हती, आणि ते भांडण फक्त पडद्याच्या कापडावरून होतं.

त्या शुक्रवारी आम्ही दोघं आमच्या मुलीला, मैसला, घेऊन जबल हुसेन भागात सासूबाईंकडे गेलो. त्यांना मी खाला म्हणतो. विधवेच्या रिवाजाप्रमाणे त्या आता चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नव्हत्या, आणि आधीचा शुक्रवार हम्मसवाचून गेला होता, यात त्यांना मरणापेक्षा वेगळी, स्वतंत्र अशी नामुष्की वाटत होती. शेजारणीनं दुकानातून वाडगाभर आणून दिलं होतं. “चांगलं होतं,” खाला म्हणाल्या, “पिठलं म्हणून.” चणे त्यांनी स्वतःच भिजवले होते, सोडा घालून शिजवले होते, आणि आम्ही पोचलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर गरम पाण्यानं भरलेली मोठी परात ठेवून, काळ्या कपड्यांत, बाह्या वर करून त्या बसल्या होत्या.

“बसा. हात धुतलेत? मैस, अंगठ्या काढ. तुझ्या आजोबांना एकदा खलात अंगठी सापडली होती. तुझ्या मामाच्या साखरपुड्याची.”

“मग?” माझ्या मुलीनं विचारलं. ती एकोणीस वर्षांची आहे आणि तिला सगळ्या गोष्टींचा शेवट लगेच हवा असतो.

“मग काय. धुऊन परत घातली. लग्न झालंच.”

“आजी, सोललेले चणे पिशवीत मिळतात आता.”

“मिळत असतील. तुझा मामा अर्धा जन्म दुकानातलं खातोय. बघतेयस ना कसा झालाय.”

मामा, म्हणजे बुऱ्हान, नेमका तेव्हाच दारात उभा होता. तो म्हणाला, “सलाम,” सगळ्यांना मिळून, म्हणजे त्यात मी होतो की नाही ते ठरवता येऊ नये असा. मग माझ्या समोरच्या खुर्चीत बसला आणि परातीत हात घातला. पाण्याखाली आमची पाच जणांची दहा हातांची बोटं एकमेकांच्या जवळून जात होती. शिजलेला चणा दोन बोटांत धरून हलकेच दाबला की तो सालातून निसटतो, आणि पारदर्शक साल पाण्यावर तरंगत वर येतं. यात कौशल्य काही नाही. फार जोर लावला तर चणा फुटतो, कमी लावला तर काही होत नाही. एकवीस वर्षांत मी किती चणे सोलले असतील याचा हिशोब एकदा मी कामावर असताना केला होता, आणि त्या नादात एका न्यायाधीशाच्या नावातलं एक अक्षर सुटलं होतं. सासरे टेबलाच्या टोकाला बसायचे. ते सोलायचे नाहीत. एक चणा उचलून अंगठा आणि अनामिकेत धरायचे, डोळे मिटून दाबायचे आणि सांगायचे, ‘अजून पाच मिनिटं हवी होती,’ किंवा ‘पाच मिनिटं जास्त झाली.’ बरोबर झालंय असं मी कधी ऐकलं नाही. आज त्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं, पण तिच्यावर कुणाचे आतले कपडे वाळत घातल्यासारखं सगळे तिच्याकडे बघायचं टाळत होते.

“तू जरा खा गं नीट,” खाला नुहाला म्हणाल्या. “चेहरा उतरलाय.” मग माझ्याकडे वळून, ती समोर नसल्यासारख्या, “पहिले दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. दगड. मी तिच्या आत्याला म्हटलं, ही पोर आतल्या आत जाईल. पण तिसऱ्या दिवशी, अल्लाची कृपा, मोकळी झाली बिचारी. एवढी रडली, एवढी रडली, की आम्हाला सगळ्यांना रडवलं.”

“आई,” नुहा म्हणाली.

“काय आई? रडण्यात लाज कसली? दुपारच्या नमाजानंतर, नाही का? साडेचार-पावणेपाच झाले असतील.”

माझ्या बोटांतला चणा फुटला. तिसरा दिवस, साडेचार-पावणेपाच. माझ्या धंद्यात वेळा महत्त्वाच्या असतात. दफन किती वाजता, प्रार्थना कुठल्या मशिदीत. मी पाण्याकडे बघत राहिलो. सालं एकमेकांना चिकटून त्यांचा एक सैलसर पापुद्रा झाला होता, आणि कुणी हात हलवला की तो श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. म्हणजे तिला कळलं होतं. दोन दिवस वडिलांसाठी जे आलं नव्हतं ते माझ्यासाठी आलं होतं. नवऱ्यानं भर हॉलमध्ये, तिच्या भावांदेखत, तिच्या बापाचं मरण कायम चालू राहो म्हटल्यावर. मला वाटलं होतं तिचं गप्प राहणं राग आहे. राग असता तर बरं झालं असतं, राग मला हाताळता येतो. त्यासाठी मी घरात शक्यतो भिंतीच्या रंगाचे कपडे घालतो. ही लाज होती. आणि लाजेला तारीख नसते.

“मास्तर,” बुऱ्हान म्हणाला. एवढ्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा असं म्हटलं. “फुटलेले इकडे टाकू नकोस. तुझं बरंय, तुझी चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या चौकटीत छापून येते.”

“तिसऱ्या,” मी म्हणालो. “दुसऱ्या दिवशी जागा नसते.”

मैसनं ओठ चावले.

सोलून झाल्यावर खालांनी दगडी खल आणून टेबलावर ठेवला, शेजारी ताहिन्याचा, म्हणजे वाटलेल्या तिळाचा, डबा, लिंबं, लसूण, मीठ. बुऱ्हाननं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बत्त्याकडे हात पुढं केला. मोठा मुलगा. सगळ्यांना ते इतकं साहजिक वाटलं की खालांचं बोलणं ऐकू यायला एक क्षण लागला.

“तू नको.”

“का?”

“तू कधी बघितलंस? तू यायचास तेव्हा वर तेल ओतून झालेलं असायचं. वासिफ, तू कर. तू त्यांच्या शेजारी बसायचास.”

मी नाही म्हणायला हवं होतं. आदबीनं नाही म्हणण्याचे आमच्याकडे निदान अकरा प्रकार आहेत. पण मी उठलो, आणि बत्ता हातात घेतल्यावर लक्षात आलं की मला खरोखरच येतंय. लसूण मिठाबरोबर आधी, वास बदलेपर्यंत. मग चणे गरम असतानाच, तीन वेळा मिळून. सासरे मापानं काही करत नसत. लोकांच्या जमिनी वितीवितीनं मोजलेला माणूस इथं हात सैल सोडायचा. मी वेगळ्या वाडग्यात ताहिना घेतला आणि लिंबू पिळलं. लिंबू पडलं की ताहिना आधी बिघडतो. तेलासारखी वाहणारी वस्तू एकदम आखडते, पांढरी पडते, चमच्याला गच्च धरून बसते; नवखा माणूस घाबरतो आणि फेकून देतो. पहिल्यांदा मीही घाबरलो होतो. सासरे म्हणाले होते, ‘रागावलाय तो. ढवळत राहा, काही बोलू नकोस.’ हा त्यांनी मला दिलेला एकमेव उपदेश. तो ताहिन्याबद्दल होता की त्यांच्या मुलीबद्दल, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता मी ढवळत होतो आणि माझ्या पाठीमागे चार माणसं माझ्या कोपराकडे बघत होती. यापूर्वी या घरात माझ्या शरीराच्या कुठल्याही भागाकडे इतक्या लक्षपूर्वक कुणी बघितलं नव्हतं.

ताटलीत पसरलं, चमच्याच्या पाठीनं गोल खळगा केला, तेल, जिरं, अख्खे चार चणे. खालांनी पोळीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला. जबडा हळूहळू हलत होता. एवढा वेळ कुठल्याही न्यायालयानं माझ्याबाबत घेतलेला नाही.

“लिंबू जास्त झालंय,” त्या म्हणाल्या.

“बाबांचं असंच असायचं,” बुऱ्हान म्हणाला. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे ते त्याच्या मनात असतानाच बाहेर आलं असावं.

“त्यांचंही जास्तच असायचं. चाळीस वर्षं सांगितलं.” आणि खालांनी दुसरा तुकडा मोडला.

मग सगळे जेवले, म्हणजे भांड्यांचा आवाज झाला. बुऱ्हाननं ताटली पुसून खाल्ली, माझ्याकडे न बघता. जेवण संपलं तेव्हा ती अडचण आली जिचा मी सकाळपासून विचार करत होतो. इतर कुठल्याही शुक्रवारी या क्षणी आम्ही चौघांनी यजमानीणबाईंना उद्देशून तो शब्द म्हटला असता. मैसच्या तोंडून ‘दा’ एवढं निघालं आणि तिनं ताबडतोब त्याचा ठसका केला. बुऱ्हान छताकडे बघत राहिला. मी ताटल्या एकात एक घातल्या, जरुरीपेक्षा जास्त आवाज करत, आणि स्वयंपाकघरात गेलो. माझ्या मागोमाग नुहा आली.

ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली. मी ताटलीवरचं तेल बोटानं पुसत होतो, जे बोटानं जात नाही.

“बुऱ्हानच्या बायकोला हॉलमधून फोन आला होता,” ती म्हणाली. “लगेच. तिनं माझ्या कानात सांगितलं.”

“खाला म्हणाल्या त्यावरून कळलं मला. नुहा, मी...”

“थांब. तुला काय कळलं?”

“तू रडलीस. माझ्यामुळे.”

“मी हसले,” नुहा म्हणाली.

मी ताटली खाली ठेवली.

“तू म्हणालास त्याला नाही. तू काय, काहीही बोलशील. पण तो ‘सहतेन’ म्हणाला! बुऱ्हान! मला त्याचा चेहराच दिसला. दाबायला गेले तर जास्तच. ओढणी तोंडावर घेतली, तर खांदे हलायला लागले. आत्यानं मिठीच मारली मला. ‘रड गं पोरी, रड.’ तिला रडू आलं, मग आईला, मग सगळ्यांनाच. कुणीतरी गुलाबपाणी शिंपडलं. बाहेर सोळा बायका रडतायत आणि मी आत्याच्या छातीत तोंड खुपसून हसतेय. श्वास कोंडून मरेन असं वाटलं.”

मलाही हसू आलं. नऊ दिवसांनी ते आलं म्हणून मी ते येऊ दिलं. भिंतीला टेकलो, हातानं तोंड दाबलं. हसता हसता लक्षात आलं की मी एकटाच हसतोय.

“तुला सांगितलं नाही, कारण सांगायला गेले असते तर पुन्हा हसले असते,” ती म्हणाली. मग सिलिंडर संपत आलाय हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात, “आता पंचाईत अशी झालीय की मी अजून रडलेच नाहीये. आणि सगळ्यांच्या लेखी माझं रडून झालंय. आता रडले तर आई घाबरेल, हिला पुन्हा काय झालं म्हणून. घरी मैस असते. शाळेत माझ्या वर्गातल्या मुली असतात. कुठं रडायचं तेच कळत नाहीये, वासिफ. बसमध्ये प्रयत्न केला.” ती पुढं काही बोलणार होती, पण तिची हनुवटी तिचं ऐकेना.

जे शब्द सुचले ते मी तपासून बाजूला ठेवले. दार लावलं. मग दोन्ही नळ पूर्ण सोडले. या शहरात पाहुण्यानं यजमानाला शिवी दिली तर एकवेळ खपतं, पण पाणी सोडून उभं राहिलेलं खपत नाही. गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा भरते आणि तेवढ्यात सगळं भागवायचं असतं. पाणी मोरीच्या पत्र्यावर आदळून एवढा आवाज झाला की त्याखाली एखादी बाई पहिल्यांदा वडिलांना हाक मारून रडली तरी बाहेर ऐकू जाऊ नये. तिनं माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता. मी एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्यानं नळ धरून ठेवला, कुणी बंद करू नये म्हणून, जरी आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

“नळ कुणी सोडलाय?” बाहेरून खाला ओरडल्या.

“मी, खाला. तेल निघत नाहीये.”

“अरे बाळा, सोमवारपर्यंत पाणी नाही! टाकी रिकामी करशील!”

“हो, खाला.”

“हो काय? बंद कर ना!”

मग बुऱ्हानचा आवाज आला, कंटाळलेला, जवळजवळ मायेचा. “सोड आई. कुठं काय करायचं ते त्या माणसाला कळतच नाही.”

मी नळ सोडून ठेवला.